आधी नक्कल, मग अस्सल

पार्कर ५१ हे पेन पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता, की हे अगदी हिरो पेनासारखे दिसते. ज्या पेनाची जगभर नक्कल झाली, तेच मला नकलेची नक्कल वाटावे, यात माझा दोष थोडा आणि माझ्या पिढीचा अधिक आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सांगली-मिरजेकडच्या मराठी शाळांत शिकलेल्या कोणालाही विचारून पाहा. पाचवीत शाईचे पेन हाती येई, बॉलपेनाने अक्षर बिघडते हा सिद्धांत मास्तरांपासून पालकांपर्यंत सर्वांना मान्य असे, आणि ज्या मुलाच्या खिशाला चकचकीत टोपणाचे, निब जवळजवळ झाकलेले हिरो पेन असे, तो वर्गात वेगळ्याच तोऱ्यात वावरे. आम्हा बाकीच्यांकडे ड्रॉपरने शाई भरायची देशी पेने असत. त्यांच्या आट्यांतून शाई पाझरे, मधल्या बोटावरचा निळा डाग सुट्टीतही जात नसे, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाखाली कोणत्या ना कोणत्या देशाचा नकाशा उमटलेला असे.

मला हिरो मिळाले ते आठवीत, १९८४ साली. मुंबईला गोदीत नोकरीला असलेल्या मामांनी दिवाळीला येताना ते आणले आणि "हे रोज शाळेत नेऊ नकोस, फक्त परीक्षेला वापर," अशी ताकीदही सोबत दिली. ती मी दोन दिवस पाळली. निब दौतीत बुडवायची, मागची पत्र्याची पट्टी दाबायची, सोडायची, बुडबुडे थांबेपर्यंत पुन्हा दाबायची, एवढ्यावर पेन भरत असे. ड्रॉपर नाही, सांडलवंड नाही. दहावीच्या बोर्डाचे सगळे पेपर मी त्याच पेनाने लिहिले. पुढे कधीतरी आतली पिशवी चिरली, टोपण सैल झाले आणि ते पेन आईच्या शिवणाच्या डब्यात बटणे आणि रिळे यांच्या सोबतीला जाऊन पडले.

हिरोला नक्कल म्हणताना मात्र जरा जपून बोलावे लागते. शांघायच्या या कारखान्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस पार्करला गाठण्याची जाहीर घोषणा देऊनच हिरो १०० हे पेन बनवले होते, आणि त्यांना गाठायचे होते ते पार्कर ५१ हेच. आदर्श उघडपणे समोर ठेवून केलेला तो अभ्यास होता. त्याच घराण्यातली ३२९, ६१६ अशी स्वस्त भावंडे आपल्याकडच्या शाळांत आणि कचेऱ्यांत पोहोचली, आणि मूळ पुरुषाचे नाव ठाऊक नसलेल्या आम्हा मुलांनी त्या भावंडांनाच घराण्याचे मूळ मानले.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. दिवसभर कागदावर लिहिणे आणि इतरांनी लिहिलेले खोडणे हाच माझा उद्योग असल्यामुळे पेनांचा नाद लागणे स्वाभाविक होते. परंतु नादाचे संग्रहात रूपांतर झाले ते २०१२ सालच्या एका रविवारी, पुण्याच्या जुन्या बाजारात. हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, आणि नळाच्या तोट्यांपासून ग्रामोफोनच्या कर्ण्यांपर्यंत काहीही तिथे जमिनीवर पसरलेले असते. एका विक्रेत्यासमोर बुटांच्या खोक्यात पेने भरून ठेवलेली होती. बहुतेक बॉलपेने, काही टोपणे हरवलेली, आणि तळाशी एक काळे, झाकलेल्या निबेचे पेन.

"हिरो आहे साहेब, ओरिजिनल चायना. चारशे."

मला ते हिरोच वाटले आणि केवळ शाळेच्या आठवणीसाठी मी ते उचलले. टोपणावर मळाचा थर होता. अंगठ्याने तो पुसताना टोपणाच्या कडेवर बारीक कोरलेली अक्षरे लागली. चुकलेला अनुस्वार हातभर अंतरावरून दिसावा अशी सवय जडलेल्या माझ्या डोळ्यांना पार्कर हे नाव आणि त्यामागचे ‘मेड इन इंग्लंड’ वाचायला भिंगाची गरज पडली नाही. मी काही बोललो नाही. घासाघीस करून साडेतीनशेला ते घेतले आणि घरी आलो. हे पार्कर आहे असे त्या माणसाला सांगायला हवे होते का, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नव्हता. नंतर पडला, आणि अजूनही अधूनमधून पडतो.

त्या पेनाला पुन्हा लिहिते करण्यासाठी मला पाच दिवस आणि एक स्टीलची वाटी यांपलीकडे काही लागले नाही. मागची नळी फिरवून काढल्यावर आत धातूचे आवरण दिसले. पेन निब खाली करून धरावे, पट्टी जोराने दाबावी आणि नंतर निब मऊ कागदाने पुसावी, अशी सूचना त्यावर इंग्रजीत कोरलेली होती. या मालिकेतल्या काही पेनांवर पट्टी सहा वेळा दाबायला सांगितले आहे, तर काहींवर चार वेळा. संग्राहक मंडळी यावरूनही पेनांची गटवारी करतात. आवरणाच्या आतली पिशवी सुकलेल्या शाईने इतकी काळीठिक्कर होती, की ती रबराची आहे असेच मी समजलो. वाटीत साधे पाणी घेऊन निबेकडचा भाग बुडवला, पट्टी दाबली. पहिल्या दिवशी काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यात निळ्या शाईचा एक धागा उतरला, वाटीच्या तळाशी जाऊन पसरला, आणि त्यानंतर तासातासाला पाणी बदलावे लागले. पाचव्या दिवशी पट्टी दाबली तेव्हा स्वच्छ पाणी बाहेर आले आणि धातूच्या आवरणाच्या फटीतून आतली पिशवी दिसली. ती पारदर्शक होती, थोडीशी पिवळसर झालेली आणि बोटाखाली अजून लवचिक. निदान चाळीस वर्षे जुनी पिशवी बदलावी लागली नाही. त्या पिशवीला पार्करने प्ली-ग्लास असे नाव दिले होते. ती रबराची नसून प्लॅस्टिकची आहे, आणि ज्यांत ती आहे अशी हजारो पेने आजही कोणतीही दुरुस्ती न करता चालतात.

रबराची पिशवी असती तर काय झाले असते, हे मी इतर पेनांत पाहिले आहे. त्या काळातल्या बाजूच्या खटक्याने शाई ओढणाऱ्या पेनांत लॅटेक्सची पिशवी असे. काही दशकांनी तिचा एकतर ठिसूळ चुरा होतो किंवा डांबरासारखा चिकट गोळा होतो, आणि तो दातकोरण्याने खरवडून काढावा लागतो. नवी पिशवी बसवणे फार अवघड नाही. पुढचा भाग हेअर ड्रायरने बेताने गरम करून सोडवायचा, पिशवी मापाने कापायची, लाखेच्या द्रावणाने चिकटवायची आणि आत सरकवण्यापूर्वी तिला टाल्कम पावडर लावायची. बायको म्हणते, घरातली पावडर माणसांपेक्षा पेनांनाच अधिक लागते.

आता या ५१ मध्ये असे काय होते, की एका कारखान्याने त्याला गाठण्यासाठी घोषणा द्यावी? पार्कर कंपनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिल येथे १८८८ साली सुरू झाली, आणि हे पेन सिद्ध झाले ते कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी, १९३९ मध्ये. नाव तिथून आले. अमेरिकेच्या बाजारात ते १९४१ साली साडेबारा डॉलरला आले. त्याची गोष्ट पेनापासून नव्हे, शाईपासून सुरू होते. टीपकागदाची गरजच पडू नये, लिहिताक्षणी वाळावी, अशी शाई पार्करला हवी होती. कागदावर झटकन वाळणारी शाई उघड्या निबेवरही झटकन वाळणार हे उघड आहे. म्हणून निबेला जवळजवळ पूर्ण झाकणारे आवरण आले. ती शाई तीव्र अल्कधर्मी होती आणि त्या काळी पेनांसाठी सर्रास वापरले जाणारे सेल्युलॉइड तिच्यापुढे टिकत नव्हते. म्हणून पेनाची नळी ल्युसाइट या ॲक्रिलिक प्लॅस्टिकची झाली. ज्या रूपाची सगळ्यांनी नक्कल केली, ते मुळात शोभेसाठी घडवलेलेच नव्हते. एका खोडकर शाईला आवर घालताना ते आपोआप घडले. गंमत म्हणजे ती शाई केव्हाच इतिहासजमा झाली आणि तिच्यासाठी घडवलेले पेन मात्र उरले.

आवरणाच्या आत जे आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि खरी कारागिरी तिथेच आहे. साध्या पेनात निबेखाली एक काळी पट्टी असते, जिला आम्ही लहानपणी जीभ म्हणत असू. ५१ मध्ये निब ही वाकवलेला पत्रा नसून सोन्याची बारीक नळी आहे, आणि तिच्यामागे कंगव्यासारख्या अनेक पातळ दात्यांचा एक लंबगोल भाग आहे, ज्याला कलेक्टर म्हणतात. हाताच्या उबेने पिशवीतली हवा प्रसरण पावली, की ती जास्तीची शाई पुढे ढकलते. साध्या पेनात अशा वेळी कागदावर थेंब पडतो. इथे ती शाई दात्यांच्या फटींत केशाकर्षणाने अडकून राहते आणि लिहिताना सावकाश वापरली जाते. झाकलेली निब त्यामुळे सदैव ओली असते, आणि दोन-तीन दिवस हात न लावलेले पेनही टोपण काढताच पहिल्या अक्षरापासून लिहू लागते. संपादकाचा फोन एका हातात आणि गॅलीप्रूफ, म्हणजे छपाईपूर्वी तपासायचा कागद, दुसऱ्या हातात असताना या गुणाचे मोल कळते.

१९४८ पर्यंतच्या ५१ मध्ये शाई ओढण्याची रचना निराळी होती. पेनाच्या मागच्या टोकाला एक बटण आणि आत रबराचा पडदा. बटण दाबले-सोडले की पडदा मागेपुढे होऊन शाई आत येई. नळीच शाईची टाकी असल्यामुळे शाई पुष्कळ मावे, परंतु पडदा रबराचा असल्याने तो आज ना उद्या जातोच आणि बदलायला खास हत्यार लागते. माझ्याकडे असे एक पेन आहे. ते १९४६ सालचे आहे, असे मी खात्रीने म्हणू शकतो, कारण अमेरिकेत बनलेल्या त्या काळच्या पार्करवर सालाचा शेवटचा अंक कोरलेला असतो आणि त्याभोवतीच्या टिंबांवरून तिमाहीसुद्धा काढता येते. ही टिंबे वाचायला मी शिकलो ते नुकसान सोसून. एका विक्रेत्याकडून छायाचित्र पाहून मागवलेल्या ५१ ची नळी एका दशकातली, टोपण दुसऱ्या दशकातले आणि निबेचे आवरण तिसऱ्याच पेनाचे निघाले. लिहिण्याला ते काही वाईट नव्हते, पण संपूर्ण अस्सल म्हणून मोजलेले पैसे गेले ते गेलेच. संग्राहक अशा पेनाला फ्रँकेनपेन म्हणतात. मी त्याला खिचडी म्हणतो आणि बाजाराची यादी करायला वापरतो.

२०२१ मध्ये पार्करने नवे ५१ बाजारात आणले. मी ते त्याच वर्षी घेतले आणि महिनाभर दोन्ही पेने आलटून पालटून वापरली. टेबलावर शेजारी ठेवली तर नाते लगेच ओळखू येते: तेच निमुळते टोक, तीच झाकलेली निब, धातूचे टोपण, बाणाची क्लिप. नवे पेन दिसायला देखणे आहे आणि हातात भरीव लागते. फरक जाणवतो तो टोपण काढताना. जुन्या ५१ चे टोपण ओढून निघते. टोपणाच्या आत धातूच्या पाकळ्यांची पकड आहे आणि नळीवर एक कडे आहे. टोपण सरकवताना ते कड्यावर अलगद आवळत जाते, ना खटका होतो ना झटका बसतो, आणि नेमके कुठे थांबायचे हे त्याचे तेच ठरवते. नव्या ५१ चे टोपण फिरवून काढावे लागते, कारण तिथे आटे आहेत. जे पेन दिवसातून शंभर वेळा उघडायचे आणि मिटायचे, त्यात ही दोन वळणे माझ्या मते मोठी आहेत. प्रूफ वाचताना मी पेन सतत उघडे ठेवू शकत नाही, कारण वाचणे जास्त आणि लिहिणे कमी असते. दर चुकीमागे टोपण फिरवणे मला पहिल्या तासातच नकोसे झाले.

शाई भरण्याचीही तीच गोष्ट आहे. नव्यात कार्ट्रिज, म्हणजे शाईची तयार भरलेली नळी, किंवा कन्व्हर्टर, म्हणजे दौतीतून शाई ओढणारी सुटी नळी, बसते, आणि कन्व्हर्टरमध्ये जुन्या पिशवीपेक्षा कमी शाई मावते. साध्या प्रकारात निब पोलादाची आहे, महागात १८ कॅरट सोन्याची. या सगळ्यांत वाईट असे काही नाही. आजची बहुतेक पेने अशीच आहेत. माझी तक्रार इतकीच, की ज्या पेनाचे नाव घेतले ते पेन आपल्या सोयींमुळे ओळखले जात होते आणि नव्याने त्यातले नेमके दिसणे तेवढे उचलले.

याच्या अगदी उलट बाजूला विंग सुंग ६०१ हे आजचे चिनी पेन आहे. त्यावर ५१ हा आकडा नाही, पार्करचे नाव नाही, आणि किंमत नव्या पार्करच्या कितीतरी पट कमी आहे. पण मागचे टोक उघडले की १९४१ च्या धर्तीचे दाबायचे बटण, टोपण ओढून निघणारे, आणि आत तोच दातेरी कलेक्टर. माझ्याकडचे पारदर्शक नळीचे आहे. भाच्याला जुने ५१ कसे चालते हे समजावून सांगायचे होते, तेव्हा मी जुने पेन पेटीत ठेवले आणि हे चिनी पेन उजेडात धरले. बटण दाबताच कंगव्याच्या फटी एकामागून एक निळ्या होत गेल्या, तसा तो म्हणाला, "मामा, हे तर पेट्रोल पंपासारखं आहे." उपमा फारशी चुकीची नव्हती. घराण्याचे नाव ज्याने सांगितले त्याने चेहरा घेतला, आणि ज्याला नाव सांगायची सोय नव्हती त्याने पोटातले यंत्र घेतले. त्याची निब पोलादी आहे, बांधणी जुन्याच्या जवळपासही जात नाही आणि टोपण बसताना जुन्यासारखे अलगद आवळत नाही, हे सांगणेही भाग आहे.

निबेविषयी एक गैरसमज आमच्या मंडळींत फार घट्ट बसलेला आहे. जुन्या पेनाची निब सोन्याची म्हणून ती मऊ, आणि नव्याची पोलादाची म्हणून कडक, असे सरसकट मानले जाते. माझ्या जुन्या ५१ ची निब १४ कॅरट सोन्याची आहे आणि ती खिळ्याइतकी ताठ आहे. दाबून लिहिले तरी तिची दोन टोके फाकत नाहीत. लवचिकपणा निबेच्या आकारावर, जाडीवर आणि घडणीवर ठरतो. सोने वापरण्याचे मूळ कारण वेगळे होते. त्या काळच्या पुष्कळ टिकाऊ शाया लोह आणि मायफळाच्या आम्लापासून केलेल्या असत आणि साधे पोलाद त्या खाऊन टाकत. सोन्यावर मात्र त्यांचा परिणाम होत नसे. आज गंजरोधक पोलाद आहे आणि शायाही सौम्य आहेत, त्यामुळे पोलादी निबेने लिहिताना मन खट्टू करण्याचे कारण नाही. कागदाला जे टेकते ते तसेही सोने नसते. टोकावर ऑस्मियम, रुथेनियम अशा कठीण धातूंच्या मिश्रणाचा बारीक मणी डाखलेला असतो. सवयीने त्याला इरिडियम म्हणतात, एवढेच.

मऊ निब खरोखर अनुभवायची असेल तर जर्मनीच्या पेलिकन ४०० कडे जावे. १९५० मध्ये आलेल्या या पेनाचा थेट वंशज, एम ४००, १९८२ पासून मिळतो, आणि दोघांतही मागचे टोक फिरवून दट्ट्याने शाई ओढली जाते. इथे वंशजाने यंत्र टाकून दिलेले नाही. जुन्याची निब मात्र अक्षराला जी हलकी जाड-बारीक लय देते ती नव्यात मला सापडली नाही. लॅमी २००० हे १९६६ चे पेन तर कधी बंदच झाले नाही, त्यामुळे त्याची नवी आवृत्ती काढण्याचा प्रश्नच आला नाही. जुने आणि नवे ओळखायला खटपट करावी लागते. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांनाही हेच म्हणता येईल. गांधीजींच्या सांगण्यावरून स्वदेशी पेन बनवण्याचा ध्यास घेतलेल्या त्या कारागिराच्या पेनाची पोच गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्राने दिली होती, आणि तशीच एबोनाइटची, हाताने चरकावर घडवलेली, ड्रॉपरने भरायची पेने तिथे आजही होतात. माझ्याकडचे रत्नम पाच-सहा वर्षांपूर्वीचे आहे. त्याला जुने म्हणावे की नवे, हे मला ठरवता आलेले नाही.

एबोनाइटविषयी माझा एक पश्चात्तापही इथे लिहून ठेवतो. हे गंधक घालून कडक केलेले रबर असते. बोटांना ते उबदार लागते, चोळले तर गंधकाचा वास येतो, आणि प्रकाश व पाणी हे त्याचे शत्रू आहेत. मला यातले काही ठाऊक नव्हते तेव्हा ५१ च्या यशाने फुशारून जाऊन मी एक सुरेख काळे जुने पेन रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले. सकाळी वाटीतून जे बाहेर आले त्याचा रंग विहिरीच्या शेवाळलेल्या दगडासारखा होता. घासून थोडा काळेपणा परत आणता आला, पण नळीवरची नाजूक कोरीव नक्षी घासण्यात बोथट झाली. ल्युसाइट पाण्यात पाच दिवस राहते म्हणून एबोनाइट एक रात्र राहील, असे समजणे हा शुद्ध अडाणीपणा होता.

जुन्या पेनांचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर हे एकतर्फी होईल. ५१ च्या पोटात शाई किती उरली आहे ते बाहेरून कळत नाही. निब बदलायची तर आवरण गरम करून सोडवावे लागते आणि परत बसवताना निब आवरणाशी सरळ रेषेत आणण्यात अर्धा दिवस जातो. सर्वांत मोठी अडचण रंगाची: एक शाई काढून दुसरी भरायची म्हणजे दात्यांमधल्या त्या सगळ्या फटी धुणे आले, आणि तांबडी शाई तर आठ दिवस धुतली तरी गुलाबी पाण्याच्या रूपाने परत येत राहते. म्हणून प्रुफातल्या दुरुस्त्यांसाठी मी आजचे साधे, कार्ट्रिजचे पेन वापरतो. संग्रहातील एकाही जुन्या पेनात तांबडी शाई गेलेली नाही.

शाईच्या बाबतीत मी आता फार सोवळा झालो आहे. चमकी घातलेल्या नव्या शाया जुन्या पेनात घालू नयेत, कारण ते कण दात्यांत बसतात. चित्रकलेची जलरोधक शाई तर कोणत्याच फाउंटन पेनात घालू नये. ती आतल्या आत वार्निशासारखी वाळते, आणि जुन्या बाजारात सापडणारी कितीतरी पेने या एकाच चुकीने मेलेली असतात. माझ्या ५१ मध्ये साधी निळी शाई असते, बहुधा कॅमलची. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत घोडा छाप शाईची पूड आणि वड्या करून ज्या धंद्याची सुरुवात केली, त्यातूनच पुढे ही उंटाची दौत आली. निव्वळ अभिमानापोटी ती वापरतो असे नाही. ती स्वस्त आहे, वाणसामानाच्या दुकानाशेजारच्या स्टेशनरीत मिळते आणि पाण्याने धुतली की निघून जाते, आणि जुन्या पेनाला यापेक्षा अधिक काही नको असते.

आईच्या शिवणाच्या डब्यातले हिरो मी गेल्या वर्षी बाहेर काढले. पिशवी नवी घातली, टोपणाच्या आतली पकड चिमट्याने जराशी आवळली, आणि ते लिहू लागले. अस्सल ५१ च्या शेजारी ठेवले की त्याची पातळ पत्र्याची क्लिप, उथळ चकाकी, आवरण आणि निब यांतली किंचित वाकडी फट, सगळे उघडे पडते. तरीही दोघांनी लिहिलेल्या ओळी मी बायकोला दाखवल्या, तेव्हा तिने हिरोची ओळ अधिक चांगली ठरवली. माझा हात त्या पेनावर घडला आहे, हेच त्याचे कारण असावे.

जुन्या बाजारातला तो विक्रेता अजून बसतो. मध्यंतरी धीर करून मी त्याला सांगून टाकले, की तुम्ही मला हिरो म्हणून दिलेले पेन इंग्लंडचे पार्कर होते, आणि त्याचे आणखी पैसे मी द्यायला तयार आहे. त्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिले. "साहेब, तुम्ही दर महिन्याला येऊन हिरो शोधता, ते मी बघतो," तो म्हणाला, "आता पार्कर म्हणून भाव पाडू नका." मग त्याने खोक्यातून एक ६१६ काढले, टोपणाला पोचा आलेले, निब वाकडी. किंमत सांगितली आठशे. मी ते घेतले.